भिंतीत बसवलेला सोफा

४ मार्च

"सोफा घेतलाच आहे आपण. फक्त तो भिंतीत बसवलाय."

हे तू म्हणालास त्याला चौदा वर्षं होत आली. बँकेच्या पायऱ्या उतरत होतो. त्याआधी तासभर आपण दुकानातल्या त्या करड्या सोफ्यावर बसलो होतो. दुकानदाराने दिलेलं पाणी प्यायलो आणि "विचार करून येतो" म्हणून बाहेर पडलो. तू मला तिथून थेट बँकेत नेलंस आणि सोफ्याची जेवढी किंमत तेवढे पैसे घराच्या कर्जात हप्त्याच्या वर भरून टाकलेस. पायऱ्यांवर मी कठड्याला धरून हसले होते. घरी आल्यावर हॉलच्या मोकळ्या भिंतीला पाठ टेकून आपण जमिनीवर बसलो. तू म्हणालास, "बघ, किती मऊ आहे."

त्या हसण्याचा मला आज जितका राग येतोय तितका तुझाही येत नाही. नाही, खोटं लिहिलं. तुझा जास्त येतोय.

'प्रिय' लिहवत नाही आणि तुला दुसरं काही लिहायची मला सवय नाही, म्हणून मायना राहू दे. फोन करू नकोस. फोनवर तू आकड्यांवर येतोस आणि मी रडण्यावर. पत्रात निदान तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

तुझा निरोप ताईला मिळाला. "खारूची शाळा बुडतेय, रागाच्या भरात घर सोडू नये." शाळा बुडत नाहीये. ताईच्या घरून दोन बस बदलून जाते आणि वेळेवर पोचते. आणि मी रागाच्या भरात निघाले नाही. दोन पिशव्या भरल्या, गॅस बंद केला, तुझा दुसऱ्या दिवसाचा डबासुद्धा भरून फ्रिजमध्ये ठेवला. तू दारात उभा राहून म्हणालास, "अगं, पोर आज हॉस्पिटलातून आलीय, आजच?"

हो, आजच. कारण त्याच्या तासभर आधी शेजारचे काका तिची चौकशी करायला आले होते. तू त्यांना म्हणालास, "कर्ज फिटेपर्यंत दाढ धरून बसली, सांगा! चकार शब्द काढला नाही. शहाणी आहे माझी पोर." तुझी छाती फुगली होती. तुझ्या मागे सोळा वर्षांची पोरगी सुजलेला गाल उशीवर टेकून पडली होती, आणि तुझं बोलणं ऐकून तिने हसायचा प्रयत्न केला. ते मला बघवलं नाही. आता कळलं?

बँकेने घराचे कागद परत दिले त्या संध्याकाळी तू केक आणलास. खारूच्या आयुष्यातला दुकानातून आणलेला पहिला केक. वीस वर्षांचं कर्ज चौदा वर्षांत फेडलं, केक हवाच. तिने एक घास घेतला आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाली. आपल्याला वाटलं, आनंदाने ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिला तोंड उघडता येईना. खालची दाढ आतून कुजून पू जबड्यात उतरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?" तिने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "थोडे दिवस." मला वाटलं, घाबरली. डॉक्टर म्हणाले, "हे थोड्या दिवसांचं नाही, कित्येक महिन्यांचं आहे. वेळेत आली असती तर दाढ वाचली असती."

मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात करते. कवळ्या, कॅपा, ब्रिज. कुणाची दाढ कुठे घासली आहे ते मी प्लास्टरवरून सांगते. आणि माझ्या ताटासमोर बसून माझी मुलगी एका बाजूने चावत होती. ते मला दिसलं नाही, त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. त्याचा हिशेब तू मांडू नकोस.

आम्ही ठीक आहोत. खारू ताईच्या सोफ्यावर झोपते. पहिल्या दिवशी त्याच्या कडेवर बसली होती, बस थांबली की उतरायचंय अशी.

११ मार्च

आज मी खारूचं तोंड हातात घेतलं.

दातांच्या डॉक्टरांनी तिचं माप आमच्याच लॅबला पाठवलं. मालक म्हणाले, "ताई, दुसऱ्या कुणाकडे देऊ का?" मी नको म्हणाले. साच्यात प्लास्टर ओतलं, घट्ट होऊ दिलं आणि दोन्ही जबडे ओट्यावर ठेवले. डावीकडचे दात वापरून गुळगुळीत झालेत. उजवीकडे, जिथे दाढ होती त्या बाजूला, खडबडीत कीट साचलेलं. त्या बाजूने कुणी चावलंच नव्हतं. आणि पुढचे ते दोन मोठे दात, ज्यांच्यावरून तू तिला खारूताई म्हणायला लागलास, ते अजून तसेच एकमेकांवर चढलेले. तार लावायची होती ना आपण? कर्ज फिटलं की.

शाळा सुटल्यावर ती तिथेच आली. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून साच्याकडे बघत होती.

"हा कुणाचा गं आई?"

"तुझाच."

"शी! केवढे वाकडे."

मी मेण तापवत होते. हात कामात असला की मला विचारता येतं. म्हटलं, "खारू, दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच नेलं असतंस."

"मग?"

"मग पैसे गेले असते ना." हे ती मलाच समजावून सांगत होती. मग म्हणाली, "पण बाबाला सांगितलं होतं."

मेण खाली सांडलं. मालकांनी मान वर करून पाहिलं.

तिने सगळं सांगितलं. तुझ्याविरुद्ध सांगत नव्हती, उलट कौतुकाने सांगत होती, हे लक्षात घे. क्लासहून येताना तिला गाडीवर मागे रडू आलं. तू गाडी थांबवलीस, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलंस. डॉक्टरांनी बघून खर्च सांगितला. बाहेर येऊन तू विचारलंस, "फार दुखतंय का गं?" ती म्हणाली, थोडं. तू म्हणालास, "चारच हप्ते राहिलेत, थांबशील?" ती म्हणाली, नको करूया आत्ता, चालेल. तू म्हणालास, "शाब्बास." आणि मग तिला घेऊन तू बँकेत गेलास.

डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तू कर्जात भरलास. तिच्यासमोर. काउंटरवरच्या बाईने नेहमीसारखं विचारलं, "जादा भरताय, तर हप्ता कमी करू की मुदत?" तू नेहमीसारखं म्हणालास, "मुदत." आणि पायऱ्या उतरताना पोरीला म्हणालास, "बघ, चाराचे तीन झाले."

"माझ्या दाढेने एक हप्ता उडवला, आई." असं म्हणाली ती मला. हसत. तोंडावर हात ठेवून.

त्याच पायऱ्या. तिथेच मी कठड्याला धरून हसले होते.

मला वाटत होतं की तिने आपल्या दोघांपासून लपवलं. मी आठवडाभर त्या समजुतीवर जगत होते, आणि तुझ्यावर रागावताना मनात कुठेतरी तुझी बाजूही घेत होते. हॉस्पिटलात तिने तुझ्याकडे का पाहिलं ते आज कळलं. ती तुला वाचवत होती. आणि तू भिंतीला टेकून उभा होतास. तू स्वतःला वाचवू दिलंस.

आज मी यापुढे लिहू शकत नाही. उद्या कुणाच्या तरी कॅपेचं काम आहे.

२० मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पावती.

"मी तिला विचारलं होतं. तीच नको म्हणाली. मी जबरदस्ती केली नाही. घर तुमच्यासाठीच केलं. सोफा आणलाय, करडाच मिळाला. घरी या, मग बोलू. माझं स्वतःचं घर असताना मी तुझ्या ताईच्या दारात येणार नाही."

ताईने वाचलं आणि म्हणाली, "याने घर घेतलं की घराने याला घेतलं?" मला हसू आलं नाही. तुला येईल कदाचित.

तीच नको म्हणाली. बरं. तिला नको म्हणायला शिकवलं कुणी? आपल्या घरात 'हवं'ला कुणी विचारत नव्हतं आणि 'नको'ला शाबासकी मिळायची. आपण जे घेतलं नाही, त्याची किंमत कर्जात. पडदे घेतले नाहीत, भरा. सिनेमाला गेलो नाही, भरा. सहलीला पाठवलं नाही, भरा. 'नाहीचे पैसे' म्हणायचास तू. खारू सहा वर्षांची असताना खेळण्याच्या दुकानात बाहुलीच्या घरापुढे उभी राहून तिने तुला विचारलं होतं, "बाबा, हे केवढ्याचं नको आहे?" आणि तू तो किस्सा वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलास. मीसुद्धा सांगितला. लॅबमध्ये सगळे हसले होते, एक मालक सोडून. त्यांच्या हातात करवत होती, ते नुसते थांबले आणि पुन्हा कापायला लागले. मला तेव्हा वाटलं, ह्यांना विनोद कळला नाही.

मी पण त्या खेळात होते, हे तू लिहिशीलच, म्हणून मीच लिहून टाकते. जादा कामाचे माझे पैसे दर महिन्याला त्याच भिंतीत गेले. पण मी जे नको म्हटलं ते माझ्यासाठी होतं. माझे केस मी घरी कापले, माझ्या चपला मी शिवून वापरल्या. तू तिच्या दुखण्याला किंमत लावलीस आणि तिच्यासमोर ती भरलीस. आणि वर म्हणतोस, जबरदस्ती केली नाही. खरंय. जबरदस्ती करावी लागत नाही अशी पोर तयार केलीस.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस. लोखंडी दोरातली एक तार तुटली तरी तुला आवाजावरून कळतं. आपण कुणाच्या इमारतीत जेवायला गेलो तरी तू लिफ्टमध्ये कान लावून उभा असायचास आणि उतरताना वॉचमनला सांगायचास, "बोलवून घ्या कुणाला तरी, वरती काहीतरी घासतंय." फुकट. अनोळखी माणसांसाठी. मला तो तुझा कान आवडायचा. लग्नच मी त्या कानाशी केलं असेल. तो कान घरी येताना तू कुठे काढून ठेवायचास?

तुझी आई ट्रंकेवर बसलेली मला माहीत आहे. घरमालकाने सामान रस्त्यावर काढलं, तू नऊ वर्षांचा होतास, येणारे जाणारे बघत होते आणि ती ट्रंकेवर बसून तुमची शाळेची दप्तरं मांडीवर धरून होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी तू हे मला अंधारात सांगितलंस, माझ्याकडे पाठ करून. त्या बाईसाठी मी चौदा वर्षं काही मागितलं नाही. मला कुणी भाग पाडलं नाही. मला वाटायचं, शेवटचा हप्ता गेला की ती ट्रंकेवरून उठेल आणि तुला झोप लागेल. तिच्यावर माझा राग नाही.

पण खारूला कुणी रस्त्यावर काढलं नव्हतं रे. तिला घर होतं. ती त्या घरातच दुखणं धरून बसली होती.

आणि सहा वर्षं वाचली, सहा वर्षं वाचली, हे जे तू बँकेतल्या बाईपासून रद्दीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंस, ती कुठे ठेवलीस? दर वेळी बाई विचारायची, हप्ता कमी करू की मुदत. एकदाही तू हप्ता म्हणाला असतास तर महिन्याला आम्हाला थोडा श्वास मिळाला असता. तू दर वेळी मुदत म्हणालास. पुढची वर्षं कमी करत गेलास. कुणाची कमी होतायत ते विचारलं नाहीस.

सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं नसशील. मी पैज लावते.

एक गोष्ट सांगते, मग थांबते. काल ताईने खारूला विचारलं, "काय खाणार?" ती म्हणाली, "काही नको, मावशी." ताई म्हणाली, "काही नको हा पदार्थ मला येत नाही बाई, दुसरं काहीतरी सांग." ती पुन्हा म्हणाली, खरंच नको. ताई उठली नाही. तिथेच बसून निवडत राहिली, मटारच्या शेंगा सोलत, इकडचं तिकडचं बोलत. पुन्हा विचारलं. पुन्हा नको. पुन्हा शेंगा. मी दारातून बघत होते आणि मला वाटत होतं, सोड ना तिला, नको म्हणतेय ना. बघ, मलासुद्धा तेच वाटलं! शेवटी खारू शेंगांच्या टोपलीकडे बघत म्हणाली, "आइस्क्रीम आहे? पण अर्धंच."

सगळं खाल्लं. मग हळूच विचारलं, "केवढ्याचं होतं?"

२ एप्रिल

दात झाला. मीच केला. काढता-घालता येईल असा आहे, तिचं वय वाढेपर्यंत चालेल, मग पक्का बसवता येईल. रंग जुळवायला मी तिला खिडकीत उभी केली आणि रंगपट्टीवरचे सगळे दात एकेक करून तिच्या गालाशी धरले. तिचे दात पांढरे नाहीत, किंचित पिवळसर, तुझ्यासारखे. मी वरच्या भागाला अगदी थोडी झीज दिली, नवाकोरा दिसू नये म्हणून. कुणाला कळणार नाही. मला कळेल.

खर्च मी दिला, जादा कामाच्या पैशांतून. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते पैसे भिंतीत गेले नाहीत. तेव्हा कृपा करून काही पाठवू नकोस. तू आकडा पाठवशील आणि तो शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असेल, आणि मला ते सहन होणार नाही.

खारू तुझ्याबद्दल रोज बोलते. तुला एकट्याला डबा करता येतो का, गाडीचा आरसा बदललास का. माझा राग तिला दिसतो आणि ती तो विझवायला बघते. काल म्हणाली, "आई, बाबाला ओरडू नकोस, मीच नको म्हटलं होतं." तुझंच वाक्य. तू तिला शिकवलंयस की तिलाच ते खरं वाटतं, मला माहीत नाही. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट तेही कळत नाही.

घरी यायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही. घर फिटलंय, ते कुठे जात नाही. तुला वाटतंय की आम्ही परत आलो की सगळं मिटलं. माझी भीती वेगळी आहे. परत आलो की सोफ्यावर बसून ती आयुष्यभर नको म्हणत राहील. आधी तुला, मग मला, मग कुणा नवऱ्याला, मग कुठल्यातरी दवाखान्यात, जिथे आपण कुणी नसू. त्याला ना हप्ता आहे ना मुदत. ते मला थांबवायचंय, आणि ते मी एकटी थांबवू शकत नाही, कारण तिची पहिली शाबासकी तुझी होती. याचा मला किती संताप येतो ते मी लिहिणार नाही. कागद फाटेल.

गुरुवारी दुपारी चारला दात बसवायचा आहे. दवाखाना तुला माहीत आहे, कोपऱ्यावरचाच. माप दुसरीकडे घेतलं होतं, बसवायला मी मुद्दाम तोच निवडला. ताईचं दार नाही, माझं दार नाही, तेव्हा तुझ्या मानाचा प्रश्न येत नाही. ये. मला काही बोलू नकोस, मी बाहेर बसेन. तिच्या शेजारी बस. चूक झाली म्हण असं मी मागत नाही, ते तुला जमणार नाही हे कळण्याइतका काळ मी तुझ्याबरोबर काढलाय. फक्त तिला विचार, खारू, तुला काय हवंय.

ती लगेच म्हणेल, काही नको बाबा. हसेल. हात तोंडावर नेईल.

तू येणार नाहीस. "आधी घरी या" असं दोन ओळींत लिहून पाठवशील, किंवा गुरुवारी नेमकी कुठल्यातरी इमारतीची लिफ्ट अडकेल. तरी दवाखान्यातल्या बाईंना मी आत दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. आणि तरी मागते. ती नको म्हणेल तेव्हा शाब्बास म्हणू नकोस. उठू नकोस. पुन्हा विचार, आणि बसून राहा.